घरचे पीठ, परकी भट्टी

यवतमाळहून नांदेडच्या दिशेने निघालेला महामार्ग चाळीसेक किलोमीटर चालून अरुणावतीच्या काठच्या ज्या तालुक्याच्या गावात शिरतो, त्या आर्णीची ओळख परगावच्या माणसाला बहुधा दोन निमित्तांनी झालेली असते. एक म्हणजे बाबा कंबलपोष यांचा दर्गा, ज्याच्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही सारख्याच भक्तिभावाने येतात. आणि दुसरे म्हणजे माहूरच्या रेणुकेच्या दर्शनाला जाता-येता येथे घेतलेला चहा. मी येथे लिहितो आहे ते या दोहोंहून निराळ्या, कोणत्याही सरकारी दप्तरात रुजू न झालेल्या एका वहिवाटीविषयी. दसरा आटोपला, सोयाबीन काढून बाजारात गेले, कपाशीची पहिली बोंडे फुटून वेचणीला मजूर मिळेनासे झाले, म्हणजे दुपारच्या उतरत्या उन्हात एका हाती पत्र्याचा रिकामा डबा आणि दुसऱ्या हाती पीठ, पिठीसाखर व तूप यांची जड पिशवी सावरीत, दोघी-तिघींच्या सोबतीने, बेकरीच्या भट्टीकडे निघालेल्या बायका रस्त्यारस्त्यांवर दिसू लागतात. भाऊबीजेला लेकी, जावई, नातवंडे घरात गोळा व्हायची असतात; चिवडा आणि शंकरपाळे घरच्या चुलीवर होतात, परंतु बिस्किटांना भट्टी लागते, आणि ती कोणाच्याच घरी नसते.

ही वहिवाट एकट्या आर्णीची नव्हे. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड येथे ती आहे. मराठवाड्यात आहे, खानदेशात आहे, आणि देशावरच्या बाजारपेठेच्या गावांतूनही ती मुरलेली आहे. परंतु वऱ्हाडच्या या दक्षिण टोकाला तिचे जे रूप दिसते त्यात इतिहासाचे काही धागे विशेष स्पष्ट दिसतात, म्हणून आर्णी.

दुपारच का, याचे उत्तर भट्टीच्या दिनक्रमात आहे. जुन्या पद्धतीची भट्टी म्हणजे विटामातीचा बुटका घुमट. त्याच्या पोटातच लाकूड जाळायचे, विटा तापून पांढरट झाल्या की निखारे एका कडेला ओढायचे, आणि मग उतरत जाणाऱ्या त्या साठवणीच्या उष्णतेवर दिवसभराचे काम उरकून घ्यायचे, असा तिचा व्यवहार. पावाला प्रखर आच लागते, दोनशेवीस-अडीचशे अंशांची. म्हणून रात्री मळलेला पाव पहाटे सर्वप्रथम आत जातो. तो निघाला म्हणजे भट्टी हळूहळू निवू लागते आणि दीडशे ते एकशेऐंशी अंशांच्या त्या टप्प्यात येते, जो बिस्किटांना मानवतो. त्याहूनही उतरली की टोस्ट सुकवायचे. म्हणजे बेकरीवाल्याच्या दृष्टीने दुपारची ही ऊब एरवी अर्धी वाया जाणारी; तिचे चार पैसे व्हावेत आणि गावातल्या गिऱ्हाइकाशी संबंधही राहावा, या दोन हेतूंनी त्याने ती सणापुरती गृहिणींना खुली केली असावी. मजुरी किलोवर ठरते, सामान ज्याचे त्याचे.

आत गेल्यावर दिसते ते असे. भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याची फळी घेऊन एक कारागीर उभा. बाजूला लाकडी फळ्यांवर ओळीने मांडलेले काळे पडलेले पत्रे. जमिनीवर बस्कर टाकून आपापल्या परातीपुढे बसलेल्या बायका. पीठ मळणे हे काम बहुतेक ठिकाणी बेकरीतला माणूस करतो, पण तूप त्याच्या हाती देताना आणि परातीतून शेवटचा गोळा उचलीपर्यंत मालकीण तेथून हलत नाही. गोळ्याला हात लावून कारागीर म्हणतो, "अम्मा, मोहन कम है, फटेगा नहीं," आणि ती म्हणते, "टाक मंग अजून वाटीभर, पर डालडा नको घालू बाप्पा, आमचं तं सारं तुपातलं हाय." शेजारची लगेच कान देऊन ऐकते, कारण तिचे सारे तुपातले नसते. सोऱ्याच्या जातीच्या हाताने फिरवायच्या यंत्रातून रेघांची लांबलचक पट्टी बाहेर पडते, ती बोटभर अंतराने कापतात. नानकटाई मात्र हातानेच वळावी लागते. सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जायचे, तेव्हा आपला माल ओळखू यावा म्हणून कोणी मधोमध चारोळी दाबते, कोणी काट्याने दोन रेघा ओढते, कोणी नुसता अंगठ्याचा ठसा उमटविते. त्या ठशांवरून पुढे वादही होतात. "हे माह्ये नाही, माह्ये एवढे करपले नव्हते," हे वाक्य ऐकल्याशिवाय भट्टीवरची दुपार सरत नाही.

आता या दृश्यापासून एकशेपस्तीस वर्षे मागे जाऊ या, म्हणजे त्यात आश्चर्य कोठे आहे ते कळेल. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव, ज्यांना अशा खोड्यांची जन्मजात हौस होती, त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि सनातनी पुणे पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी आयोग बसला, वादी-प्रतिवादींचे युक्तिवाद झाले. काशीला आपण प्रायश्चित्त घेतले आहे असे टिळकांनी सांगितले; रानड्यांनी पुढे मित्रांखातर प्रायश्चित्त घेतले, आणि त्या प्रसंगाने घरात किती मनस्ताप झाला हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याच्याही चाळीस वर्षे आधी, १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत सभासद होऊ इच्छिणाऱ्याला जातिभेद मानीत नाही याची साक्ष म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. सभा गुप्त होती, आणि सभासदांची नावे फुटल्यावर ती टिकली नाही. आणि १८९८ साली दिल्लीत जी बिस्किट कंपनी निघाली तिने आपल्या नावातच 'हिंदू' हे विशेषण घातले. गिऱ्हाइकाला कशाची हमी हवी होती हे त्या नावावरून सहज समजते.

ज्या पदार्थाच्या एका घासाने माणूस ज्ञातीबाहेर पडू शकत होता, तो पदार्थ तीन-चार पिढ्यांत भाऊबीजेच्या ताटात अनारशाशेजारी जाऊन बसला, आणि त्यासाठी कोणी चळवळ केल्याची, परिषद भरविल्याची किंवा ठराव संमत केल्याची नोंद नाही. हे कसे झाले? सुधारकांचा विजय, असे एक उत्तर देता येईल. परंतु ज्या घरांतून सुधारकांचे नावही पोचले नव्हते तेथेही बिस्किटे पोचली. माझा तर्क निराळा आहे आणि तो भडभुंज्यापाशी सुरू होतो.

आपल्याकडे घरचे धान्य परक्याच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची चाल फार जुनी. नागपंचमीच्या लाह्या, फुटाणे, भाजके पोहे यांसाठी गृहिणी पदराखाली सूप घेऊन भडभुंज्याकडे जात असे. तो आपल्या खापरात तापलेल्या वाळूवर धान्य उडवी, आणि मोबदला म्हणून रोकड नसली तर त्यातलेच मूठ-पसा ठेवून घेई. भडभुंजा कोणत्या जातीचा हा प्रश्न तेथे कडक सोवळ्याच्या घरातही उपस्थित होत नसे, कारण पाण्याचा स्पर्श न झालेले भाजके धान्य खरकटे मानले जात नव्हते. तीच सवलत तळलेल्या आणि तुपातल्या पदार्थांना होती. भात परक्याच्या हातचा चालत नसे, पण तुपातला लाडू चाले. आता नानकटाईकडे पाहा: पीठ, साखर, तूप, पाण्याचा थेंब नाही, आणि शिजविणे नव्हे तर भाजणे. शास्त्रार्थ करणाऱ्याला बोट ठेवायला जागाच उरत नाही. पावात पाणी आहे, आंबवण आहे, पूर्वी तर ताडीही होती. म्हणून पाव कित्येक घरांच्या उंबरठ्यावर फार काळ ताटकळत राहिला आणि नानकटाई त्याला ओलांडून देवघरापाशी गेली. त्या जुन्या अटींचे आज कोणाला स्मरणही नाही. परंतु 'सामान आमचे, भट्टी तुमची' हा करार मात्र त्याच अटींतून आलेला दिसतो, आणि पीठ मळताना परातीवरून नजर न हलविण्याची जी दक्षता बायका दाखवितात ती आता भेसळीच्या भीतीने असली तरी तिची बैठक जुनीच आहे.

नानकटाईचा उगम शोधायला गेले तर वाट सुरतेस जाते. तेथे वखारीतल्या डच लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी पुढे एका पारशी कारागिराकडे आली, आणि फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांचे नाव त्या परंपरेशी कायमचे जोडले गेले. गोरे लोक निघून गेल्यावर पावाला गिऱ्हाईक राहिले नाही. उरलेला पाव वाळून कडक होई, तो पचनाला हलका म्हणून लोक मागू लागले. त्यातून बटर-बिस्किटे आली आणि पुढे स्थानिक मिठाईच्या वळणावर नानकटाई, असे तेथील परंपरा सांगते. गुजरातेतून ती मुंबईस आली आणि मुंबईहून रेल्वेच्या रुळांवरून कापसाच्या मुलखात. वऱ्हाडात तिला दुसरीकडूनही पाहुणे भेटले असणार. हा मुलूख १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात जाईपर्यंत निजामाचा होता, आणि आर्णीपासून फार दूर नसलेली पैनगंगा ओलांडली की १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानच सुरू होत असे. खाऱ्या-गोड चवीची उस्मानिया बिस्किटे, चहात बुडवून खायची खारी, ईदेच्या आधी भट्टीवर होणारी गर्दी, हे सारे त्या शेजाराचे देणे. आजही रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भट्टीपुढची रांग सारखीच दिसते; केवळ डब्यांवरची नावे बदलतात.

सामग्रीचा इतिहास याहून रोचक आहे. यवतमाळ जिल्हा हा मुळात ज्वारी खाणारा. रोजच्या जेवणात भाकर, आणि गव्हाची पोळी सणावारी किंवा पाहुणा आला तर. तेव्हा नुसता गहू हेच येथे उत्सवाचे धान्य होते. गव्हाचे पीठ, तेही भरपूर तुपात, तेही साखर घालून, ही वैभवाची परिसीमा. जिरायती रानातला कठीण दाण्याचा बन्सी गहू पोळीला गोड, पण बिस्किटाला काहीसा हट्टी. आता सर्वत्र मिळणारा लोकवन पोळीला उत्तम आणि बिस्किटाला जेमतेम. मैदा गावोगाव मिळू लागल्यावर बिस्किटे हलकी झाली. साजूक तूप मात्र सर्वांनाच परवडणारे नव्हते. तेथे १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याने प्रवेश केला. पिवळ्या डब्यावरच्या हिरव्या ताडाच्या झाडाने मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात जे राज्य केले त्याला तोड नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बेकरीच्या बिस्किटाचा जो खुसखुशीतपणा आपल्या जिभेवर बालपणापासून बसला आहे तो पुष्कळ अंशी त्याचाच. सहजी न वितळणारी ती चरबी पिठाच्या कणाकणाला वेढून बसते. दुर्दैवाने तेल गोठवून डालडा बनविण्याच्या प्रक्रियेतच जी ट्रान्स-चरबी निर्माण होते ती हृदयाला घातक ठरली, आणि अखेर १ जानेवारी २०२२ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणून ठेवले. "आमचं तं सारं तुपातलं" या उद्गारात पूर्वी नुसती प्रतिष्ठा होती. आता तिला वैद्यकाचाही आधार मिळाला आहे.

शाकाहारी घरांपुढचा अंड्याचा प्रश्न कस्टर्ड पावडरीने सोडविला, आणि त्यामागची हकीकत मला फार आवडते. बर्मिंगहॅममधील आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठापासून अंड्याविना कस्टर्ड बनविले. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली. एका आजारी पत्नीच्या पथ्यासाठी लागलेले हे दोन शोध सातासमुद्रांपलीकडच्या शाकाहारी घरांना इतके उपयोगी पडतील हे त्या भल्या गृहस्थाच्या स्वप्नातही आले नसेल. पुण्याच्या वीकफील्ड कंपनीने ही पावडर मराठी घरांत नेली. किलोभर मैद्याला पाच-सहा चमचे घातली की बिस्किटाला पिवळसर रंग, व्हॅनिलाचा सुगंध आणि अंगची भुरभुरीत वीण येते; तिच्यातला मक्याचा स्टार्च मैद्यातल्या चिवट प्रथिनांना विरळ करतो, हे तिचे खरे काम.

येथवर आल्यावर वाचक, विशेषतः वाचिका, विचारतील की भट्टी जवळ नसेल तर काय करावे. घरगुती समारंभासाठी, म्हणजे बारसे, वाढदिवस, साखरपुडा अशा वीस-पंचवीस माणसांच्या प्रसंगासाठी, भट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. अर्धा किलो पिठाची नानकटाई घरी उत्तम होते. चारशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन आणि पन्नास ग्रॅम बारीक रवा; पिठीसाखर अडीचशे ग्रॅम; साजूक तूप पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम; खाण्याचा सोडा सपाट पाव चमचा, दही एक चमचा, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड आणि आवडत असल्यास जायफळ. बेसन रंगासाठी आणि रवा दाताखाली लागावा म्हणून.

यातले सर्व कौशल्य तुपात आहे. तूप पातळ नसावे, दगडासारखे घट्टही नसावे. रवाळ, बोट घातले तर खळी पडेल असे असावे. ते परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसायचे, मग थोडी-थोडी पिठीसाखर घालीत पुन्हा फेसायचे, रंग पांढरा होऊन ते लोण्यासारखे हलके होईपर्यंत. या फेसण्यात जी सूक्ष्म हवा तुपात अडकते तीच पुढे भट्टीत पसरून बिस्किटाला पोकळ करते. सोडा हा तिचा मदतनीस, मुख्य कारभारी नव्हे. ज्यांना हे ठाऊक नसते ते फेसण्याचा आळस करून सोडा वाढवितात, आणि मग बिस्किट तांबूस, साबणासारख्या कडवट चवीचे होते. दही घातल्याने सोड्याला आंबटपणा मिळून तो पुरता खर्ची पडतो. बेकरीत सोड्याच्या जोडीला खाण्याचा अमोनिया वापरतात. तो तापला की वायुरूप होऊन निघून जातो आणि मागे काहीच ठेवीत नाही, पण जाड बिस्किटात त्याचा उग्र वास कोंडून राहतो, म्हणून घरी त्याच्या वाटेला न जावे.

नंतर पीठ घालायचे आणि येथे मळण्याची सवय विसरायची. पोळीची कणीक जितकी मळावी तितकी चांगली. येथे मळाल तितकी बिस्किटे टणक. मैदा नुसता तुपात मिसळून गोळा होईपर्यंत हात फिरवावा. गोळा बांधला जात नसेल तर चमचाभर तूप घालावे. पाणी कदापि नाही. विदर्भात ऑक्टोबरची दुपार म्हणजे तूप आपोआप वितळण्याची वेळ, तेव्हा हे काम पहाटे करावे, नाहीतर मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. वितळलेल्या तुपाचे गोळे पत्र्यावर पसरून एकमेकांना चिकटतात आणि मग नानकटाईच्या जागी एकच विस्तीर्ण भाकर हाती येते.

लिंबाहून लहान गोळे वळून, किंचित दाबून, दोन बोटे अंतरावर मांडावे. ओव्हन असेल तर एकशेसाठ ते एकशेसत्तर अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे. नसेल तर जाड बुडाचे जुने पातेले घ्यावे, तळाशी दोन वाट्या मीठ किंवा चाळलेली कोरडी वाळू पसरावी, वर तिवई, तिवईवर ताटली, आणि घट्ट झाकण. दहा मिनिटे रिकामेच तापवून मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे. पुष्कळजणी यासाठी शिट्टी आणि रबर काढून कुकर वापरतात. कोरडा तापविल्याने त्याचे बूड खराब होते, म्हणून मला जुने पातेलेच बरे वाटते. वाळूवरची ही भट्टी पाहिली की भडभुंज्याचे खापरच घरात आले असे वाटते, आणि तत्त्वतः ते खरेच आहे. आमच्या आजीच्या पिढीत ओव्हन नव्हता तेव्हा शेगडीवर पातेले ठेवून झाकणावरही निखारे पसरीत, म्हणजे वरूनखालून सारखी आच लागे. मीठ-वाळूच्या पद्धतीत वरची आच कमी पडते, म्हणून माथा फिका राहतो; त्याची खंत करू नये.

भाजले गेल्याची खूण वरच्या रंगावरून नव्हे, खालून घ्यावी. एक बिस्किट हलकेच उचलून पाहावे. बूड सोनेरी झाले असेल तर ताटली काढावी, वरून ते मऊ लागले तरी. मऊपणा हा गरम तुपाचा असतो. निवताना तूप आणि साखर घट्ट होतात आणि खुसखुशीतपणा मागाहून येतो. कच्चे राहिले या समजुतीने पुन्हा आत ठेवणाऱ्यांच्या बिस्किटांवर जो काळसर कडूपणा येतो तो येथूनच. साखर आणि प्रथिने तापून एकमेकांत मिळाल्याने जो तांबूस रंग आणि खमंग वास निर्माण होतो त्याचा उलगडा लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केला. भट्टीवरच्या कारागिराला तो वास नाकाने कळतो आणि त्याचे नाक घड्याळाहून अचूक असते. माथ्यावर भेगा पडल्या तर त्या दोष समजू नयेत. वरचा थर आधी सुकतो आणि आतले पीठ मागाहून फुगते, त्या ओढाताणीत त्या पडतात. गुळगुळीत माथ्याची नानकटाई जाणकाराला संशयास्पद वाटते.

मैदा नको असेल तर गव्हाच्या पिठाची बिस्किटेही होतात, आणि अलीकडे भट्टीवर तीच अधिक दिसतात. कणकेला प्रथिने अधिक, शिवाय कोंडा. म्हणून तूप थोडे वाढवावे, कस्टर्ड पावडर घालावी आणि साखरेऐवजी बारीक किसलेला गूळ घातला तर दुधाचा एखादा चमचा लागेल. त्यांचा रंग गडद होतो, वीण जरा दाट राहते, पण चहाबरोबर ती सरस लागतात.

एवढे घरी होत असताना भट्टीवर जायचेच कशाला, हा प्रश्न सुनांच्या पिढीतून आता विचारला जातो. छोटा विजेचा ओव्हन सात-आठ हजारांत मिळतो आणि मोबाइलवर कृती दिसते. पण हिशेब करून पाहा. भाऊबीजेला माहेरी आलेल्या प्रत्येक लेकीला जाताना डबा द्यायचा, पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या खोलीवरच्या चौघा मित्रांसाठी वेगळा, शेजारी दोन, शेतावरच्या गड्याच्या घरी एक. म्हणजे चार-पाच किलो पिठाखाली भागत नाही. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी वीस-पंचवीस बिस्किटे बसतात; तेवढ्या वेळात भट्टीत अख्खे पत्रे निघतात. "घरी केलं तं पोट्ट्यायलेच पुरत नाही, डब्यात काय भरू?" या प्रश्नाला ओव्हनवाल्या कंपन्यांकडे अजून उत्तर नाही. वीज जाण्याचा प्रश्न वेगळाच.

भट्टीला संकट येईल ते बहुधा दुसऱ्या बाजूने. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने महानगरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हवेचा विचार करता तो योग्यच म्हणावा लागेल. धुरात उभे राहून जन्म काढणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसांचा विचार केला तर अधिकच योग्य. तो आदेश मुंबईपुरता आहे, आर्णीला त्याची झळ नाही. परंतु डिझेलवर किंवा विजेवर फिरणाऱ्या रॅकच्या नव्या भट्ट्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत, आणि त्यांत विटांनी साठविलेली ती दुपारची उतरती आच नसते. बटण दाबले की इंधन जळते, म्हणून मजुरी वाढते आणि फुटकळ गिऱ्हाइकासाठी ती पेटविणे मालकाला परवडत नाही. जेथे असे झाले तेथे बेकरीवाला म्हणतो की पीठ आणू नका, पैसे द्या, तयार बिस्किटे न्या. काही घरे ते मान्य करतात. जी करीत नाहीत ती पलीकडच्या गावातली जुनी भट्टी शोधतात आणि पाच-सहा जणी मिळून ऑटो ठरवून, डबे मांडीवर घेऊन तिकडे जातात.

भट्टीवरून आणलेली बिस्किटे गरम असताना डब्यात भरू नयेत. वाफ कोंडून ती दुसऱ्या दिवशीच सादळतात. वर्तमानपत्रावर पसरून रात्रभर निवू द्यावी आणि सकाळी डब्याच्या तळाशी कागद घालून भरावी. फुटलेली, कडेची, करपट अशी वेगळ्या वाटीत काढली जातात, आणि डबा मोजून भरीपर्यंत घरातल्या मुलांना तेवढ्यांवरच हक्क असतो. एवढे करूनही तुळशीच्या लग्नापर्यंत डब्याच्या तळची मऊ पडलीच, तर गरम तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर सात-आठ मिनिटे ठेवावी आणि पुरती निवल्यावरच खावी.